‘आमच्याविषयी’ नावाचं पान

आमची पहिली वेबसाइट उघडली की घुंगरं वाजायची. रसवंतीच्या चरकाला बांधतात, तशी. आम्ही उसाचा रस काढायची मशीनं करत होतो, त्यामुळं ते फार शोभून दिसतंय असं मला वाटायचं. नेट कॅफेत कुणी आमची साइट उघडली की शेजारी बसलेली माणसं दचकून बघायची. घुंगरं वाजत असतानाच पडद्यावर गणपती यायचा, मग अंबाबाई, मग फिरणारा चरक, आणि खालून लाल अक्षरं सरकत जायची : सुप्रसिद्ध, विश्वसनीय, एकमेव. चौकात वाढदिवसाचे फलक लागतात तसंच सगळं. एका कॉम्प्युटर क्लासवाल्यानं ती साइट करून दिली होती आणि प्रत्येक गोष्ट मीच त्याला घालायला लावली होती. पैसे दिलेत तर जागा मोकळी कशाला सोडायची, असा माझा हिशेब.

त्या साइटवर आत एक पान होतं, ‘आमच्याविषयी’. आमच्या कारखान्याच्या शेडच्या दारात उभे राहून काढलेले आम्हा दोघांचे फोटो, माझा आणि मिस्त्रींचा. माझ्या फोटोखाली लिहिलं होतं ‘भागीदार’, त्यांच्या फोटोखालीही ‘भागीदार’.

मिस्त्री माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे. नव्वदच्या आसपास मी सायकलवरून सुटे भाग विकत फिरायचो आणि ते उद्यमनगरात दुसऱ्याच्या कारखान्यात लेथवर होते. त्यांनी कातलेला उसाच्या चरकाचा रूळ मी एकदा बघितला आणि चहाच्या गाड्यावर त्यांना गाठलं.

“मिस्त्री, दुसऱ्याचं किती दिवस कातत बसणार?”

“आणि तुझं कातायला लागलो तर तू काय करणार?”

“मी विकणार.”

“मग चाललं,” ते म्हणाले. “तुझ्यापुढं गिऱ्हाईक कंटाळून तरी घेतंय.”

निम्मा-निम्मा, असं त्या गाड्यावरच ठरलं. लिहून काही घेतलं नाही. कर्ज काढायला, वीज घ्यायला एकच नाव सोपं पडतं म्हणून कागद माझ्या नावावर झाले. शेडवरची पाटी माझ्या आडनावाची. त्यांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि मी त्यांचा वाटा कधी बुडवला नाही. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. आम्ही भांडायचो मात्र रोज. रूळ किती जाड घ्यायचा, मोटर कुठली लावायची, रंग हिरवा का लाल. मी पत्रा हलका घ्या म्हटलं की ते म्हणायचे, “मर्दा, उसाचा चरक करतोयस का पोरांचं खेळणं?” त्यावर मी आवाज चढवायचो, ते त्याच्याहून चढवायचे, आणि शेवटी जाड पत्रा यायचा.

साइट झाली तेव्हा मी त्यांना कॅफेत घेऊन गेलो. घुंगरं, देव वगैरे त्यांनी गप बघितलं. ‘आमच्याविषयी’ उघडल्यावर मात्र ते खुर्चीत पुढं सरकले. आपल्या फोटोखालचं वाचलं. मग कॅफेवाल्याला म्हणाले, “ह्ये आता बंद केलासा तर पुन्हा उघडलं की असंच येतंय का?” तो हो म्हणाला. “मग करा बघू बंद.” त्यानं बंद करून पुन्हा उघडून दाखवलं. दोन दिवसांनी ते बायकोला घेऊन तिथं जाऊन आले. पुढं जो भेटेल त्याला सांगायला लागले, “कॉम्प्युटरवर बघा की, फोटोसकट हाय.” मी त्यावरून त्यांची पुष्कळ चेष्टा केली. त्यांच्या भागीदारीबद्दल लिहिलेलं जगात तेवढं एकच ठिकाण होतं, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

मग रायपूरच्या एका गिऱ्हाइकानं मला खिजवलं. आमच्याकडून आधी एक मशीन नेलेला माणूस. दुसरं घ्यायची वेळ आली तेव्हा भावाला घ्यायला सांगितलं, आणि भावानं इंटरनेटवर शोधून भलत्याच गावचं घेतलं. ते गिऱ्हाईक फोनवर मला म्हणालं, “आपका नाम तो नेट पे दिखा ही नहीं. पहले वो लोग आए, तो उन्हीं से ले लिया.” ती आधी आलेली माणसं मला माहीत होती. त्यांचा रूळ वर्षभरात झिजायचा. मी कॅफेत जाऊन स्वतः शोधलं. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. कॅफेवाला म्हणाला, “काका, आणि मागं जाऊ नगासा, तिथं कोण जात न्हाय.” मी त्याच्यावरच खेकसलो.

आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकांची सून पुण्याला शिकून आली होती आणि घरात बसून वेबसाइटी करायची. तिच्याकडं गेलो. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, बाजूला निवडायला ठेवलेली मेथी. तिनं आमची साइट उघडली, घुंगरं वाजली, आणि आतल्या खोलीतून तिचे सासरे विचारायला लागले, कोण आलंय म्हणून.

“काका, तुमचं सगळं लिहिणं चित्रात आहे,” ती म्हणाली. “शोधणाऱ्या मशीनला चित्र वाचता येत नाही. त्याच्या लेखी हे पान कोरं आहे.”

“एवढं लाल अक्षरात लिहिलंय की.”

“एकमेव, सुप्रसिद्ध. पण कशात? उसाच्या रसाचं मशीन हे शब्द कुठंच नाहीत. लोक ते शोधतात. एकमेव कोण शोधतंय?”

मला राग आला, पण पटलं. तिनं सांगितलं, घुंगरं जाणार, देव जाणार, पान पांढरं होणार. प्रत्येक मशीनला वेगळं पान, त्यावर एकच स्वच्छ फोटो, रूळ किती, मोटर केवढी, तासाला रस किती, आणि हे मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. मी कुठंतरी ऐकलं होतं की पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द शंभरदा लिहिला की नाव वर येतं. ते तिला सुचवलं.

“आणि पकडलं की कायमचं हाकलून देतात. ते माझ्याकडून होणार नाही.”

मग तिनं तिचा आकडा सांगितला. मी निम्मा म्हणालो. ती नाही म्हणाली. मी उठलो, चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेलो. अशा वेळी मागून हाक येते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. हाक आली नाही. मीच परत आलो तर ती मेथी निवडत बसलेली.

“कमी करते,” मान वर न करता म्हणाली, “पण मग एक पान कमी होईल. तुम्ही सांगा कुठलं.”

तिनं पानांची नावं वाचून दाखवली. मला विचार करायला वेळच लागला नाही.

“ते ‘आमच्याविषयी’ काढा. गिऱ्हाईक मशीन बघायला येतंय, आमची तोंडं बघायला न्हाय.”

“नक्की? त्यात तुम्ही दोघं आहात.”

“माझाबी फोटो जातोयच की. काढा.”

बायकोला मी त्या दिवशी घरी येऊन सांगितलं, पुण्याला शिकलेल्या पोरीला वाकवून आलो. संपर्काच्या पानावर एक नाव आणि एक नंबर हवा होता. मिस्त्री फोनवर बोलायला वैतागायचे, म्हणून माझंच नाव दिलं. मिस्त्रींना यातलं काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

साइट वर यायला काही महिने गेले. मी रोज कॅफेत जाऊन बघायचो. चौथ्या पानावर आलो, तिसऱ्यावर आलो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पहिल्या पानावर. त्या रूळ झिजणाऱ्यांच्या वर. मी कॅफेतल्या सगळ्यांना चहा पाजला. रायपूर, सुरत, गुलबर्गा, कुठून कुठून फोन यायला लागले. शेडमध्ये लेथ थांबत नव्हता. मिस्त्री म्हणायचे, “काय जादू केलास रं?” मी म्हणायचो, “धंद्यातली गुपितं मिस्त्रीला सांगत न्हाईत.” ते हसायचे.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्या मुलीसाठी आजऱ्याचं स्थळ आलं. पुढचं जे घडलं ते मला महिन्याभरानं कळलं, पण इथं आधीच सांगतो. मुलाचा चुलता बँकेत होता. बैठकीत मिस्त्रींनी सांगितलं, मी कारखान्यात भागीदार आहे, आमची वेबसाइट आहे, बघा, फोटोसकट आहे. चुलत्यानं बघितली. आजऱ्यातल्या पुढच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाला, “पावणं, मी सगळी पानं चाळली. मालकाचं नाव हाय, फोन हाय. तुमचं काय कुठं दिसलं न्हाय.” मिस्त्री म्हणाले, असंल की, नीट बघा. चुलता म्हणाला, “नीटच बघितलं. कामाला असलासा तर त्यात कमीपणा न्हाय, पण खरं सांगायला पायजे.” पुढं ते स्थळ मोडलं. त्यांनी कारण पत्रिकेचं दिलं. खरं कारण कुठलं ते त्यांनाच ठाऊक.

चुलता तसं बोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री शेडमध्ये आले तेव्हा मी ट्रान्सपोर्टवाल्याशी फोनवर भांडत होतो. सुरतेच्या मशीनचा पाय त्यानं वाकवला होता. मी फोन आदळला आणि ते समोर उभे.

“कॉम्प्युटरवरनं माझा फोटो कुणी काढला?”

बैठकीचं मला काही माहीत नव्हतं. हे पुन्हा सांगतो, कारण लोकांना ते खरं वाटत नाही. 

“मी काढला,” मी म्हणालो. “का? फोटोवर रस निघतोय व्हय?”

“मला न सांगता?”

“आता प्रत्येक खिळ्याला तुम्हाला विचारू काय? पैसं वाचलं, साइट वर आली, मशीनं खपाय लागली. आणि तुम्ही फोटोचं घेऊन बसलाय. नाटकात काम करायचं हाय काय?”

शेडमधली पोरं हसली. मी त्यांना हसवायलाच तसं बोललो होतो. रोजच्यासारखं ते आवाज चढवतील, शिवी हासडतील आणि दुपारी आम्ही एका डब्यात जेवू, अशी माझी समजूत. त्यांनी हात पुसले, खुंटीवरचा सदरा घातला आणि गेले.

मी गेलो नाही. चूक त्यांची, येतील, असं म्हणत आठवडा काढला, मग दुसरा. हंगाम ऐन भरात होता, लेथवर दुसरा माणूस बसवला. त्याचे दोन रूळ परत आले. शेवटी त्यांच्या घरी गेलो तर कुलूप. शेजारच्या बाईनं मला दारातच उभं करून आजऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. तीही मलाच बोलली. बैठकीहून आल्या आल्या त्यांनी मला एवढं तरी सांगायला हवं होतं, की असं असं झालं. एका ताटात जेवलेल्या माणसानं समोर बसून तेवढं विचारायला नको? हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण त्यांनी विचारलं होतं, हेही खरं. मीच उत्तर दिलं होतं.

तिथून तडक त्या मुलीकडं गेलो. ‘आमच्याविषयी’ पुन्हा घाला म्हणालो. तिनं आकडा सांगितला, मी तेवढे पैसे काढून दिले. ती “काका, बरं आहे ना?” म्हणाली.

मिस्त्री मोठ्या मुलीकडं, आजऱ्यालाच गेले होते आणि तिथं काजूच्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करत होते. ज्या गावात खाली बघायला लागलं त्याच गावात. गडहिंग्लजची एसटी धरून, तिथून बदलून मी गेलो. जाताना सगळं ठरवलं होतं. ते काय म्हणतील, मी काय म्हणेन, कुठं नमायचं, कुठं अडायचं.

ते पडवीत बसले होते. हाताला काजूच्या टरफलाच्या तेलाचे डाग. बायकोला आत चहाचं सांगितलं. मी म्हणालो, पान परत घातलंय.

“बरं केलास.”

म्हटलं, भागीदारीचा कागद करू, वकिलाकडं जाऊ. पाटीवर दोघांची नावं लावू.

“चांगलं हाय की.”

मी वाट बघत होतो. एवढ्या उशिरा अक्कल आली व्हय रं, असं काहीतरी ते म्हणतील म्हणून. मी म्हटलं, पत्रा इथनं पुढं तुमच्या मनाचा, मी तोंड उघडणार नाही.

“ठीक हाय.”

“धाकटीच्या लग्नाचं मी बघतो. त्या चुलत्याला जाऊन मी सांगतो.”

“आता कशाला,” ते म्हणाले. “ती मंडळी बी सुखात हाईत.”

“मग सोमवारी येतायसा?”

“बघू की.”

मी आयुष्यभर माल विकला. गिऱ्हाईक भांडतंय, नावं ठेवतंय, उठून जातंय, तोवर ते आपलं असतं. सगळ्याला बरं म्हणायला लागलं की दुकानदारानं माल आवरायला घ्यावा. हे मला ठाऊक असूनही मी त्या पडवीत अंधार पडेपर्यंत एकेक गोष्ट त्यांच्यापुढं मांडत राहिलो, आणि ते एकेका गोष्टीला बरं म्हणत राहिले. शेवटची गाडी चुकेल म्हणून त्यांनीच मला उठवलं.

साइट अजून वरच असते. ते पानही आहे. ती मुलगी मधूनमधून विचारते, हे जुनं झालंय, बदलायचं का? मी नको म्हणतो. गिऱ्हाइकं ते वाचतात आणि काही जण फोनवर म्हणतात, तुमच्या त्या भागीदारांशी बोलायचं होतं, रुळाबद्दल. मी सांगतो, ते बाहेरगावी गेलेत. मग रुळाबद्दल मला जेवढं येतं तेवढं मीच सांगतो.