चेक क्रमांक तीस

नांदेडच्या एका दैनिकात मी बावीस वर्षं डेस्कवर होतो. दुजोरा नसलेली बातमी कधी लावली नाही. भुताखेतांची तर नाहीच. त्यामुळे जे पाहिलं तेवढंच लिहितो.

लातूरला माझ्या दाजींचं वह्या-बाइंडिंगचं दुकान आहे. त्यांच्या पुतण्यानं दुबईहून त्यांना एक यंत्र आणून दिलं होतं... चेकबुकच्या कव्हरमध्ये बसणारं, कॅलक्युलेटरएवढं. चेक लिहिला की नंबर आणि रक्कम टाकायची, यंत्र शिल्लक दाखवतं. दाजी नोंद केल्याशिवाय पान फाडत नसत.

मी गेलो तो शनिवार होता. भाची पूजाच्या नर्सिंग प्रवेशाचा अठ्ठावन्न हजारांचा चेक कॉलेजनं त्याच दिवशी बँकेत टाकला होता. तो परत आला तर जागा पुढच्या मुलीला. हिशेबानं खात्यात ३,४०० उरायला हवे होते. दुपारी दाजींनी यंत्र उघडलं – उणे २०,३५०. वर नोंद : चेक क्रमांक ३०, रक्कम २३,७५०.

"मी न्हाई लिहिला हा," दाजी म्हणाले. चेकबुक सतराव्या पानावर होतं.

"सेल उतरले असतील," मी म्हणालो आणि मागचं झाकण काढलं. आत सेलच नव्हते. यंत्राला सोलर पट्टीही नाही.

"सेल मी कालच टीव्हीच्या रिमोटला घातले, मामा," पूजा म्हणाली.

स्क्रीनवर आकडा तसाच होता.

दाजी हसले. "तुमच्या पेपरात छापा, लई खपंल."

अक्का, माझी बहीण, हसली नाही. "मशीन खोटं असंल तर पैसे खात्यातच ऱ्हातेत. खरं असंल तर पोरीचं काय?" सोमवारी बँक उघडताच तिनं भिशीचे एकवीस हजार भरले.

मंगळवारी दोन्ही चेक पास झाले. दोन्ही – कारण तीस नंबरचा चेक खरोखर आला होता. शिल्लक ६५० रुपये.

मग दाजींना आठवलं. महिन्यापूर्वी नांदेडच्या कागदवाल्या सलीमभाईंना त्यांनी भरवशासाठी सही करून कोरा चेक दिला होता. असा चेक ते नेहमी चेकबुकच्या मागून, शेवटचं पान फाडून देत. रक्कम नसल्यानं नोंदही केलेली नव्हती.

नांदेडला परतल्यावर मी सलीमभाईंना गाठलं. आकडा कधी भरला?

"सोमवारी सकाळी, साहेब. दोन रीम त्याच दिवशी पाठवले, ते धरून टोटल मारली. का, दाजी नाराज हायत का?"

"न्हाई," मी म्हणालो. "लई खूश हायत."

म्हणजे शनिवारी ती रक्कम कुठंच नव्हती. सलीमभाईंच्या डोक्यातसुद्धा. याला माझ्याकडे दुजोराही नाही, खुलासाही नाही.

पूजा आता पहिल्या वर्षाला आहे. यंत्रात नवे सेल घालायला अक्का तयार नाही. दाजी मात्र दुकान उघडलं की ते रोज एकदा उघडून बघतात. स्क्रीन कोरी दिसली की मगच चहा सांगतात.