वाकळेचा खिसा

काल वाकळ उन्हात टाकली. रहिमतपूरहून आलेली नात तिच्यावर लोळत म्हणाली, "आज्जे, वाकळंला खिसा कशाला गं?"

नवरा गेला, त्या हिवाळ्यातली गोष्ट. त्याचे सदरे ट्रंकेत पडून होते. चांगलं कापड कुजवायचं कशाला, म्हणून मी ते वाकळेसाठी काढायला गेले, तर सासू ट्रंकेवरच बसली.

"माझ्या पोराला कातर लावतीस व्हय?"

"पोराला न्हाई, सदऱ्याला. उठा आत्याबाई, थंडी काय माझ्या एकटीलाच वाजती?"

ती उठली. मी कापत राहिले, ती बघत राहिली. खाकी सदऱ्याचा खिसा उसवायला घेतला तेव्हा म्हणाली, "त्येवढा ऱ्हाऊ दे." कापडाला अजून तंबाखूचा वास होता. तो तुकडा मी खिशासकट वरच्या अंगाला शिवला.

वाकळ सासूनंच पांघरली. ती त्या खिशात हात घालून झोपायची. मला वाटायचं, म्हातारीचा हात गार पडत असेल.

नातीला सांगितलं, कापड वाया जाऊ नये म्हणून ठेवलाय.

सासू जाऊन बरीच वर्षं झाली. खिसा अजून उसवतो आणि मी तो पुन्हा शिवते. आता त्यात हात माझा असतो.