तिची उत्तरं, माझं तोंड

कर्णबधिर संस्कृती या विषयाची परीक्षा तोंडी होती.

हेच मी आमच्या विद्यार्थी संघटनेच्या पत्रकावर सगळ्यात वर छापलं, ठळक अक्षरात. वाचून पोरं हसली. त्यांना वाटलं मी विनोद केलाय. विनोद आमच्या कॉलेजने केला होता. नव्या अभ्यासक्रमात एखादा ऐच्छिक विषय द्यावा लागतो म्हणून हा दिला. अर्थशास्त्राच्या सरांचे तास मोकळे होते म्हणून त्यांच्या गळ्यात घातला. बाकी विषयांची अंतर्गत परीक्षा तोंडी असते म्हणून याचीही तोंडी. वर्गात एक मुलगी खरोखरच बहिरी आहे, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

ती माझी चुलत बहीण. सोनाळ्यात आमची घरं एका भिंतीची. लहानपणी ती निवासी शाळेतून सुट्टीला यायची ती खुणांची भाषा घेऊनच, आणि गावात दुसरं कोणी सापडत नसल्यामुळे दिवसभर माझ्याशीच बोलायची. म्हणून मला ती भाषा येते. घरात आणखी कोणाला येत नाही. काकांना ये, जेव, झोप आणि बैल एवढ्या खुणा येतात. तेवढ्यावर त्यांनी लेक वाढवली.

कॉलेजात तिच्या शेजारी मीच. सर फळ्याकडे तोंड करून सांगायचे, "कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना आपला चेहरा तिच्याकडे असावा." मी ते तिला खुणेने सांगायचे आणि ती तोंडावर ओढणी धरून हसायची. मला हसू यायचं नाही, डोकं तापायचं. पहिल्या तासाला अर्थशास्त्र, त्यात अपंग माणसं अनुत्पादक लोकसंख्येत. दुसऱ्या तासाला सामाजिक समस्या, त्यात बधिरत्व ही समस्या, कारणं व उपाय लिहा. तिसऱ्या तासाला तेच सर, तोच खडू, आणि बधिरत्व ही समस्या नसून तो एक भाषिक समाज आहे. मी उभी राहून विचारलं, "सर, मग यातलं खरं कोणतं?"

"ज्या पेपरात विचारलं त्या पेपरातलं खरं," सर म्हणाले. "खाली बस. पत्रक वेगळं, पेपर वेगळा."

मी तसं मानलं नव्हतं. आदल्या सेमिस्टरला अर्थशास्त्राच्या पेपरात 'अनुत्पादक कोण' या प्रश्नाला मी माझं उत्तर लिहिलं आणि नापास झाले. तो विषय अजून मानगुटीवर आहे. पण नापास होणं मला परवडत होतं. तिला नव्हतं. काकांनी सांगून ठेवलं होतं, यंदा सगळे विषय निघाले तर नागपूरला जा, एक जरी राहिला तर घरी बस. नागपुरात तिच्या शाळेतल्या मैत्रिणी एकत्र खोली करून राहतात. कामाला जातात, संध्याकाळी गच्चीवर तासन् तास गप्पा मारतात, सगळ्या हातांनी. ती मला त्यांचे व्हिडिओ दाखवायची. दाखवताना तिचा चेहरा बघवत नसे. ती पास झाली तर सुटणार, नाही तर चूल आणि आमची ही भिंत.

तोंडी परीक्षेत दुभाषी म्हणून मला बसू द्यावं यासाठी मी प्राचार्यांकडे इतक्या चकरा मारल्या की शिपाई मला बघून दार लोटून घ्यायचा. शेवटी परवानगी मिळाली, पण अट घालूनच. ती हातांनी सांगेल तेवढंच मी बोलायचं. एक शब्द माझा घातला तर तिची परीक्षा रद्द.

"तुमचा लौकिक माहीत आहे आम्हाला," प्राचार्य म्हणाले.

घरी काकूने हात जोडले. "पोरीले आधी पास होऊ दे वं माय. तुयी भाषणं मंग कर."

मी म्हटलं, हो.

तिन्ही विषयांची तोंडी एकाच दिवशी, एकाच टेबलावर. एक बाहेरचे परीक्षक, शेजारी आमचे सर. मी परीक्षकांच्या बाजूला, तिच्याकडे तोंड करून. बाहेर दारात आमच्या संघटनेची पोरं पत्रकं घेऊन उभी, तीच पत्रकं, जी मी खामगावहून छापून आणली होती. त्यावर त्या पहिल्या वाक्याखाली लिहिलं होतं: आम्ही भार नाही.

अर्थशास्त्र बरं गेलं, कर्णबधिर संस्कृतीही पाठ केलेल्या उत्तरांवर निघाली. मग परीक्षकांनी सामाजिक समस्यांची वही ओढली. "बधिरत्व ही सामाजिक समस्या का मानली जाते?"

मी प्रश्न तिला दिला. मनात म्हटलं, आता सांग. सांग त्यांना की समस्या फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्यांची आहे. तिने ओढणी खांद्यामागे टाकली आणि पुस्तक जसंच्या तसं हातांवर उतरवलं. कुटुंबावर आर्थिक भार. परावलंबन. उत्पादकता कमी. उपाय: उपचार, पुनर्वसन, समाजाची सहानुभूती.

परीक्षक म्हणाले, "काय म्हणते ती?"

ती माझ्या ओठांकडे बघत होती. तिला ओठ वाचता येतात, निदान माझे तरी. मी काय बोलते हे तिला दिसणार होतं आणि मी काय गाळते हेही. मला तोंड कुठे लपवता येईना.

"बधिर व्यक्ती कुटुंबावर आर्थिक भार ठरते," मी म्हणाले. पुढचंही सगळं म्हणाले. माझा आवाज खणखणीत आहे, सभेत माइक लागत नाही. दारातली पोरं कुजबुजायची थांबली.

"उत्तम," परीक्षक म्हणाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. वही मिटून त्यांनी सहज विचारलं, "आणि तुला स्वतःला काय वाटतं बेटा?"

याची तर मी वाट बघत होते. तिने क्षणभरही विचार केला नाही. दोन खुणा केल्या.

"पुस्तकात आहे तेच," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर एक पोरगा हसत म्हणाला, "काय वं, बहिणीले भारच म्हनलं ना तू, तेही एवढ्या जोरात!" मी त्याच्यावर धावून जायच्या ऐवजी तिच्यावर धावले. जिन्याखाली उभं राहून आम्ही भांडलो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल दोघी माश्या मारताहेत. काऊन असं केलं, मी हातांनी ओरडले. ती म्हणाली, मला काय वाटतं ते त्या माणसाला कशासाठी सांगू? त्याला मार्क द्यायचे होते, मला घ्यायचे होते. तू भांड, तुला इथेच राहायचंय. मला बसमध्ये बसायचंय.

ती सगळ्या विषयांत पास झाली. काकूने पेढे आणले. काकांनी पेढा हातात धरला आणि मला म्हणाले, "विचार तिले, जायचंच हाये काय? इथं काय कमी हाये?"

मी विचारलं. आता परीक्षक नव्हते, वही नव्हती. तिचे हात असे सुटले की काकू पेढ्यांचं ताट घेऊन मागे सरली. मी शब्दाला शब्द लावून म्हणाले, "इथे मी कोणाशी बोलू? तुम्ही मला जेवायला बोलावता, झोपायला सांगता. बैलाशीही तुम्ही जास्त बोलता. माझ्या नावाची खूण आहे, ती या घरात कोणालाही येत नाही. तुम्ही जबान दिली होती. मला जाऊ द्या."

काका माझ्याकडे बघत राहिले. तिच्याकडे नाही, माझ्याकडे.

"हे ती बोलून राह्यली का तू?" ते म्हणाले. "तुयं भाषण मले नको."

पुस्तकातली वाक्यं मी बोलले तेव्हा ती तिचीच आहेत यावर कोणी शंका घेतली नव्हती. तिच्या पोटातलं पहिल्यांदा बोलले आणि ते माझं ठरलं. मी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितके काका मान हलवत गेले. माझ्या तोंडावर इतकी पत्रकं चिकटली होती की त्यातून तिचा शब्द खरा होऊन बाहेर येईना.

तिने माझा दंड धरला, ओठ तिने वाचले होतेच. तू बाहेर जा, ती म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने पुन्हा दाराकडे बोट केलं. काकूलाही माझ्यामागे काढलं आणि दार ओढून घेतलं.

आम्ही दोघी ओट्यावर बसलो. काकू पदराने ताटावरच्या माश्या हाकत होती. आत जमिनीवर पाय आपटल्याचा आवाज आला, ती कोणाचं लक्ष वेधायचं असलं की आपटते तसा. मग काहीच नाही. मग काकांचा आवाज, पण शब्द नव्हते त्यात, नुसता घसा खाकरल्यासारखा. मला आत घुसावंसं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात दोघं बोलत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

दार उघडलं तेव्हा काका तिच्या बॅगेची तुटलेली चेन सुतळीने बांधत होते. "गाडी कितीची हाये?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

आत काय झालं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर विचारते तेव्हा ती म्हणते, तू आधी अर्थशास्त्र काढ.