वाळू उकरू नका

मासेवाल्यांना फोन यायचे ते घराला आग लागल्यासारखे.

"अहो, लवकर या! आमचा मासा आडवा पडलाय!"

"कल्ले हलतायत का?"

"हलतायत."

"मग झोपलाय तो. तुम्हीही जरा पडा."

दवाखान्यांतल्या, हॉटेलांतल्या आणि हौशी लोकांच्या दिवाणखान्यांतल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणं हा त्यांचा धंदा. पाण्यातलं मीठ मोजायचं, काचा घासायच्या, पंप साफ करायचा. पण खरं काम मालकांना धीर देण्याचं, आणि त्याचे पैसे कुणी देत नसे. नवा मासा दगडाआड लपला की मालकाच्या तोंडचं पाणी पळायचं. नारिंगी पट्टेवाला एकाच कोपऱ्यात डोलत राहिला की त्याला वेड लागलं असं घरातलं कुणीतरी ठरवून टाकायचं. "तुम्ही नाही का रोज त्याच खुर्चीत बसत?" मासेवाले विचारायचे. "मग त्यालाही बसू द्या की."

सगळ्यात जास्त गोंधळ घालायचा तो वाळूत झोपणारा मासा. दिवा मंद झाला की हा पठ्ठ्या डोकं खुपसून वाळूत शिरतो, उजाडलं की बाहेर येतो. घाबरला, तर दिवसच्या दिवस वर येत नाही. मालकाला वाटतं, मेला. मग तो चमचा घेऊन वाळू उकरतो आणि चांगल्या जिवंत माशाचा जीव घेतो. म्हणून मासेवाल्यांचं पालुपद ठरलेलं होतं: "वाळू उकरू नका. घाबरलेल्याला त्याच्या वेळेनं वर येऊ द्या."

त्यांच्या स्वतःच्या घरातही असा एक मासा होता, पिवळा धमक. दिवसभर मासेच बघणाऱ्या माणसाला घरी आल्यावर तरी भिंत बघू द्यावी, असं त्यांचं मत. पण बायकोनं हट्टानं टाकी ठेवून घेतली होती. त्या पिवळ्याला ती जावईबापू म्हणायची. "भारी कपडे घालून येतो, आयतं जेवतो आणि सगळ्यांच्या आधी झोपायला जातो," असं तिचं म्हणणं. खऱ्या जावयालाही ते ठाऊक होतं, आणि तो बिचारा हसून घ्यायचा.

ती टाकीपाशी आली की जावईबापू काचेला नाक लावायचा. हे आले की दगडाआड. ह्यांचे हात म्हणजे जाळं आणि घासणी, हे त्याला पक्कं कळलेलं. "बघा," ती म्हणायची, "तुमच्याकडे कामापुरतं, माझ्याकडे मनापासून."

एके सकाळी ती उठली नाही. एरवी ह्यांच्या आधी उठून चहा टाकणारी बाई. हे अंथरुणाशी उभे राहिले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जसं ते रोज टाक्यांकडे पाहत तसं. श्वास चालू आहे. रंग ठीक आहे. आदल्या दिवशी तिनं सगळे पडदे धुतले होते. थकली असेल, झोपू दे. त्यांनी दार अलगद ओढून घेतलं, बिजागरी वाजू नये म्हणून हातानं धरून, आणि कामाला गेले.

दुपारी परतले तेव्हाही ती तशीच होती. हाक मारली, हलवलं. मग धावपळ झाली, ती नुसती धावपळच ठरली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. "सकाळीच आणलं असतं तर..." डॉक्टर बोलता बोलता थांबले. ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं असतं तर बरं झालं असतं. अर्धं राहिलेलं ते वाक्य मासेवाले मग मनातल्या मनात पूर्ण करत राहिले, आणि दर वेळी ते एकाच ठिकाणी जाऊन संपायचं.

घर माणसांनी भरलं. कुणी रडलं, कुणी समजूत घातली, कुणी करायला काही नाही म्हणून टाकीच्या काचेवर टकटक केली. जावईबापू वाळूत शिरला तो शिरलाच.

माणसं गेली. मुलगी राहिली, मग तीही डोळे पुसत आपल्या घरी गेली. मासेवाल्यांनी दिवा मंद ठेवला, खाणं ठरल्या वेळी टाकलं, काचेपासून लांब बसले. दुसऱ्यांना सांगितलेलं सगळं स्वतः केलं. जावईबापू वर आला नाही. रोज संध्याकाळी ते वाळूकडे बघत बसायचे. वाट बघणं हाच त्यांचा आयुष्यभराचा शहाणपणा होता, आणि आता त्याच शहाणपणाचा त्यांना राग यायला लागला होता.

एका दुपारी ते उठले. झाकण काढलं, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात घातला. "एकदा थांबलो," ते स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, "आता नाही थांबणार." त्यांनी वाळू उकरली. पाणी गढूळ झालं, नारिंगी पट्टेवाले सैरावैरा धावले. हाताला काही लागलं नाही. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. ओल्या हातानं त्यांनी तो घेतला.

"बाबा, जेवलात?" मुलगी होती. जेवण झालं नव्हतं, ते लपलं नाही. मग दोघंही आईबद्दल बोलले, पहिल्यांदाच धड बोलले, आणि पोटभर रडले.

परत आले तेव्हा जावईबापू टाकीखालच्या टेबलाच्या पायाशी फरशीवर पडलेला होता. थोडा रोडावला होता, पण रंग तस्साच पिवळा धमक. वाळूत तो जिवंतच होता. धसक्यानं बाहेर आला, उडी मारली, आणि वर झाकण नव्हतं. झाकण ठेवायचं विसरला तो माणूस, जो गावभर झाकणावरून लोकांना रागवत फिरे.

त्यांनी त्याला पंपाच्या धारेपुढे धरून पाहिलं. बराच वेळ धरला. कल्ले हलले नाहीत. "तुझं होतं तेवढं एक," ते रिकाम्या घराला म्हणाले, "तेही माझ्याच्यानं राखलं गेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. जुन्या गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई.

"अहो, आमचा वाळूवाला गायब आहे परवापासून. उकरून बघू का?"

मासेवाल्यांनी टाकीतल्या उकरलेल्या वाळूकडे पाहिलं. मग म्हणाले, "नका उकरू, बाई. जिवंत असतो तो."

"मी यांनाच हात घालायला सांगणार होते. पण हे अजून झोपलेत. आज काय एवढी झोप लागलीय कोण जाणे. म्हटलं, झोपू दे."

"त्यांना उठवा."

"काय?"

"आधी त्यांना उठवा. मी फोन धरतो."

"अहो, चिडतील ते!"

"चिडू देत. उठवा."

बाईंनी फोन तसाच बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग चपलांचा. मासेवाले कानाशी फोन घट्ट धरून उभे राहिले. समोर टाकीतलं पाणी निवळलं होतं. पलीकडून बाईंची हाक ऐकू आली, एकदा, मग पुन्हा, जरा मोठ्यानं.

आणि मग एक पुरुषी, झोपाळू, भयंकर वैतागलेला आवाज आला: "काय आहे गं सकाळी सकाळी?"

मासेवाल्यांनी फोन हलकेच खाली ठेवला आणि ते खाली फरशीवर बसले.