बाटलीची शिवण

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पिशोरहून तो छावणीतल्या माझ्या जुन्या बाटल्यांच्या दुकानात आला होता. विहिरीचा गाळ काढताना हाडं सापडली होती आणि त्यांच्याजवळ ही उठावदार अक्षरांची सॉसची बाटली. रझाकारांच्या काळात नाहीसा झालेला त्याचा भाऊ आजोबांच्या वेळच्या अशाच बाटलीत तेल न्यायचा.

"नवी हाय म्हना," तो म्हणाला.

काचेची शिवण थेट तोंडावरून गेली, तर बाटली यंत्रातली, अलीकडची. मानेवरच संपली, तर तोंड हातानं घडवलेलं, बाटली जुनी. मी शिवणीवरून अंगठा वर नेऊ लागलो. तो श्वास रोखून अंगठ्याकडंच बघत होता.

मानेवर शिवण संपली.

त्यानं बाटली माझ्या हातातून काढून घेतली, उपरण्यात गुंडाळली.

"बोलू नका," तो म्हणाला. "वैनी अजून कुंकू लावती."