मामांनी भरलेला टेम्पो

सामान बांधावं तर आमच्या बायकोच्या मामांनीच. देवणीपासून उदगीरपर्यंत बाकी सगळे नुसतं सामान कोंबतात, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. कुणाचंही बिऱ्हाड हलणार असं कानावर आलं की मामा धोतराचा सोगा खोचून हजर. बोलावणं लागतच नाही. आमच्या लग्नातलं कपाट त्यांनी टेम्पोतून तीनदा उतरवायला लावलं, कारण काय, तर त्याचं तोंड रस्त्याकडं होतं. टेम्पोवाला रडकुंडीला आला. मामा म्हणाले, "गचका बसला की दार उघडतंय. मग काय बाभळीवरच्या साड्या गोळा करत फिरू?"

एवढा जाणकार माणूस, पण स्वतःच्या सामानाला हात लावीना. मामांचं गाव धरणाच्या पाण्यात जाणार होतं. लोक घरांच्या माळवदांची लाकडं काढून नव्या गावठाणात गेले, मामीसुद्धा लेकाबरोबर पुढं गेल्या. मामा एकटेच मागं राहिले, आणि पाणी तर चार दिवसांवर आलेलं. बायकोनं मला समजूत घालायला पाठवलं. मला कुठलं बोलता येतंय! मी आपला मोबाईलवर एक जुना काळापांढरा परदेशी सिनेमा लावून दिला. जमिनीवरून उठवलेलं शेतकऱ्याचं कुटुंब खटारा लॉरीत संसार घालून निघतं, अशी गोष्ट. म्हटलं, बघतील, मन वळेल.

इंग्रजीचा गंध नाही, पण मामांचं काही अडलं नाही. "थांबवा, थांबवा! गाद्या खाली अन् पिपं वर? ह्यांच्यात कुणी जाणतं माणूस हाय का न्हाई?" लॉरी भरण्याचा तेवढा भाग त्यांनी मला चार वेळा मागं न्यायला लावला.

मग त्यातला म्हातारा अडून बसला. येत नाही म्हणाला. घरच्यांनी त्याला गुंगीचं औषध पाजलं, उचलून लॉरीत घातलं, आणि तो बिचारा वाटेतच गेला. मामांनी मोबाईल पालथा ठेवला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं; नेमका हाच सिनेमा सुचावा मला!

"जावई, खरं सांगा," मामा म्हणाले. "मला बी असंच न्यायचं ठरवलंय का तुमी लोकांनी?"

"नाही हो मामा. काहीतरीच काय!"

"नेऊ नका. मला जागेपणी जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी टेम्पो बोलावला, तासाभरात भरला, दोर स्वतः आवळला. पण आत बसले नाहीत. दोन्ही बैलांचे कासरे धरून नव्या गावठाणापर्यंत चालत आले. मीही सोबत चाललो.

आता तिथं सगळं ठीक आहे. नळ आहे, दारात लाईट आहे. फक्त बैल सुटले की अजून जुन्या वाटेला लागतात, आणि मामा त्यांना वळवायला जातात. बैल तासाभरात आपले आपण परत येतात. मामांना यायला अंधार पडतो. मामी त्यांचं ताट झाकून ठेवतात, आणि इतका वेळ कुठं होता म्हणून कुणीच विचारत नाही.