डब्यातल्या बांगड्या

माझ्या मुलीच्या पदवीचं नाव मला अजून एका दमात घेता येत नाही. औद्योगिक तंत्रज्ञान आणि कामाच्या जागची सुरक्षा, असं काहीतरी लांबलचक आहे. कोणी विचारलं की मी "कारखान्याचं शिकते" एवढंच सांगायची. त्यावर आमची मोठी जाऊ म्हणायची, "कारखान्यात जायला शिकायचं कशाला गो? तू चौथी शिकून जातेसच ना?"

मला तेव्हा हसू यायचं. मुलीला कारखान्यात काम करायचं नव्हतं, तिला आयटीआयमध्ये शिकवायचं होतं. मशीन कशी चालवायची, आणि चालवताना आपले हातपाय शाबूत कसे ठेवायचे, हे. परीक्षा सगळ्या झाल्या होत्या. फक्त शेवटचा प्रकल्प राहिला होता. खऱ्या कारखान्यात जाऊन तिथल्या कामगारांना महिनाभर शिकवायचं, मग कॉलेजचे सर येऊन बघणार की लोक खरंच तसं वागतात का. ते झालं की पदवी. तिने माझीच फॅक्टरी निवडली.

आमची फॅक्टरी रत्नागिरीच्या एमआयडीसीत आहे. मोसमात तिथे आंब्याचा रस डब्यात भरतात. धुतलेले आंबे पट्ट्यावरून येतात आणि आम्ही बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहून देठ काढतो, डागी आंबा बाजूला टाकतो. पट्टा शेवटी एका रुळाखाली वळतो. तिथे आंबा अडकला की हात आपोआप त्याच्यामागे जातो. हापूस डोळ्यांदेखत चेंगरू द्यायचा, हे आमच्याकडच्या बाईला जमतच नाही.

पहिल्या दिवशी मुलीने एक लांबट दुधी आणला, त्याच्या मानेत काचेच्या बांगड्या चढवल्या आणि दुधी रुळाजवळ नेला. एक बांगडी अडकली. बघता बघता दुधी अर्धा आत गेला आणि पिचला.  मग माझ्या शेजारी उभी राहणारी, खाडीपलीकडच्या गावची बाई म्हणाली, "आता याची भाजी कर गो, काचेसकट!" सगळ्या हसल्या. मुलगीही हसली. पण मग ती म्हणाली, "काकी, उद्यापासून पट्ट्यावर येताना बांगड्या काढायच्या."

हसू तिथेच थांबलं. सवाष्णीने हात मोकळे ठेवायचे नसतात. कासारसुद्धा नव्या बांगड्या भरताना जुनी एक हातात ठेवतो, नवी चढली की मगच ती काढतो. माझी सासू बांगडी वाढवली तर नवी येईपर्यंत मनगटाला दोरा बांधायची.

"नवरा मुंबईत, सासू घरात, आणि माझे हात भुंडे!" पट्ट्यावरची शेजारीण म्हणाली. "मला उंबऱ्याच्या आत कोण घेईल?"

 मुलगी माझ्याकडे बघत राहिली. कोणीच ऐकलं नाही तर तिचं शिकवणं फुकट, आणि पदवीही.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला. तो मुंबईत एका कंपनीच्या गोदामावर होता, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. मी चाचरतच विचारलं. तो मोठ्याने हसला. "काढ गो. पोरगी एवढी शिकून सांगते तर काढ. मी काय तुझ्या काचेवर जगतोय?"

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर बांगड्या काढल्या. लाजेने माझे कान तापले होते. मुलीने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला होता, आत मऊ फडकं घातलं होतं. तिने प्रत्येकीच्या बांगड्या रिबिनीत ओवून ठेवायची युक्ती काढली. एकीचं बघून दुसरी, असं करत आठवड्यात सगळ्यांचे हात मोकळे झाले. "रिबिनी बदलल्या तर?" शेजारीण म्हणाली. "तुझा नवरा माझ्याकडे आणि माझा तुझ्याकडे! माझा घोरतो, आधीच सांगून ठेवते." सुटी झाली की आम्ही दारात घोळका करून बांगड्या चढवायचो. मुलगी तेव्हा भिंतीला टेकून आमच्याकडे बघायची. तिचा तो चेहरा मला फार आवडायचा.

सर यायच्या आधीच्या आठवड्यात सुपरवायझरने मला पट्ट्यावरून हाक मारली. त्यांच्या हातात माझा फोन होता. मुंबईहून नवऱ्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाने केला होता. नवरा सकाळी उठलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. फॅक्टरीच्या गाडीने मुलगी मला तशीच घरी घेऊन आली. माझ्या हातांना कोपरापर्यंत रस लागलेला होता. डबा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाडीतून आणून अंगणात ठेवलं. बायका माझ्याभोवती बसल्या. जावेने बांगड्या फोडायला म्हणून माझे हात हातात घेतले आणि ती तशीच थांबली.

"हिने तर आधीच काढून ठेवल्यान," ती म्हणाली.

कोणाच्या सांगण्यावरून, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी मुलीकडे बघितलं.

"जा, बांगड्या घेऊन ये," जाऊ तिला म्हणाली. "हातात नसतील तर फोडायचं काय?"

मी मानेने नको म्हटलं. तिथे माझ्या मानेकडे कोण बघणार. मुलगी चुलतभावाच्या मोटरसायकलवर गेली आणि डब्यातली माझी रिबीन घेऊन आली. जावेने एकेक बांगडी माझ्या हातात चढवली, अगदी सणाला भरावी तशी अलगद. मग हात उंबऱ्यावर आपटले. जाऊ वाईट बाई नाही. ती माझ्यापेक्षा जास्त रडत होती. काच लागू नये म्हणून मुलीने माझ्या मनगटाखाली टॉवेल धरला होता. टॉवेल धरलेला तिचा हात जराही हलला नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

सर येऊन गेले असते, पण बघायला काही उरलं नव्हतं. पट्ट्यावरच्या सगळ्यांनी बांगड्या पुन्हा चढवल्या होत्या. सरांनी फोनवर मुलीला समजावलं, पुढच्या मोसमात कर, दुसरी फॅक्टरी घे, त्यानंतर मात्र पदवीचं काही करता येणार नाही. ती हो हो म्हणाली, आणि बाजारात कापडाच्या दुकानात कामाला लागली.

मी तिला एकदाच विचारलं. तांदूळ निवडत होते. "डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस ना?"

"मला माहीत आहे, आई. बांगड्यांनी काही होत नाही, हे तुझ्याआधी मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय! उद्या मी एखादीला सांगितलं, काढ, आणि तिने काढल्या, तर मी रोज तिच्या नवऱ्याची तब्येत विचारत बसेन. अशी बाई काय शिकवणार?"

मी म्हटलं, तुझे बाबाच काढ म्हणाले होते. फोनवर ते कसे हसले तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि सूप माझ्या हातातून काढून घेतलं.

यंदा मी पुन्हा पट्ट्यावर जाते. माझे हात मोकळे म्हणून मला रुळाजवळची जागा देतात. शेजारीण आता विनोद करत नाही, डब्यातली भाकरी मात्र अर्धी माझ्यापुढे सरकवते.

परवा एका नव्या पोरीची बांगडी रुळात गेली. मनगट बरंच कापलं, टाके पडले. घरी आल्यावर सांगू की नको करत मी सांगितलं.

माझी मुलगी तांदूळ धूत होती. ती एकदम वळली. "पट्टा कोणी थांबवला? लगेच थांबला? रुळावर जाळी होती का? तिच्या बाजूचं बटण तिच्या हाताला पोचत होतं?" एवढे प्रश्न तिने वर्षभरात केले नव्हते. मी आठवेल तसं सांगत गेले. बटण लांब होतं म्हटल्यावर तिने ओल्या बोटाने ओट्यावर पट्टा काढला, कुठे कोण उभं होतं ते विचारत गेली. मी तांदळाचं पातेलं सरकवून तिला जागा करून दिली.

"आणि बांगड्या काढायला तिला कोणी सांगितलं नव्हतं?"

"कोण सांगणार?" मी म्हटलं.

तिने ओट्यावरचं पाणी तळव्याने पुसून टाकलं. तांदूळ पुन्हा पहिल्यापासून धुतले, कुकर लावला. मग म्हणाली, "उद्या दुकानात माल यायचाय. मला उशीर होईल."

आंबा आता जेमतेम महिन्याचा उरलाय, आणि सरांची मुदतही. सरांचा फोन रविवारी आला होता. ती आत होती, फोन वाजत होता. मी तो तिच्यापुढे नेऊन धरला. वाजायचा थांबेपर्यंत ती माझ्या मोकळ्या हाताकडे बघत राहिली.